आयर्लंडच्या पाणंदीत चिकाची किटली

न्हाय ओ आत्याबाई, मला गाडी लागली न्हाय. ती तुमास्नी लागायची. कोडोलीच्या एस.टी.त पाय टाकायच्या आदीच तुमी पदराच्या गाठीतनं लिंबू काढायचासा, खिडकी धरायचासा आन मला म्हनायचासा, "तू हिकडच्या अंगाला बस, तुला वाऱ्यानं सर्दी हुती." कवा झाली मला सर्दी? सासूला खिडकी पायजे, एवढं सरळ बोलला असतासा तर काय बिगडलं असतं? पर आता आयका. मी खिडकीत तर हायच, वर पार पुढच्या शिटावर बसलीया, आन गाडी चाललीया आयर्लंडात. हसू नगासा. खरंच आयर्लंडात.

तुमचा नातू, म्हंजे माजा ल्योक, हिथल्या मोठ्या शहरात नोकरीला हाय. तुमी गेलासा तवा त्येच्या नाकाला शेंबूड हुता, आता त्येला टक्कल पडाय लागलंय. त्येनं आठवडाभरासाठी भाड्यानं गाडी घेतली. म्हनला, आई, शहर बघून काय करतीस, तुला खेडी दाखवतो. गाडी सून चालवती. तुमचा नातू मागं बसतोय आन मोबाईलात नकाशा बघून "डावीकडं घे, न्हाय न्हाय, पुढच्या डावीकडं" म्हनून तिचं डोस्कं उठवतोय. निघायच्या सकाळीच त्येनं मला इचारलं, "आई, आता हिथंच ऱ्हा की आमच्याजवळ. तिकडं एकटी काय करतीस? कागदाचं सगळं मी बघतो. फिरून घरी पोचायच्या आत मला सांग." मी म्हनलं, "बगू." आपल्या घरात बगू म्हंजे काय, ते तुमास्नी ठावं हाय. तुमच्याकडनंच शिकले मी ते. त्येच्या बायकूला आजून ठावं न्हाय, म्हनून ती खूश झाली.

पुढच्या शिटावर बसायला मी नगंच म्हनत हुते. सून म्हनली, "आई, तुम्हाला दिसायला पाहिजे सगळं," आन नवऱ्याला मागं ढकलला. बसले, पट्टा लावला, आन काय सांगू, कानात तुमचा आवाज आला. चैत्रात जोतिबाला निघालतो आपन, वडापाची जीप, खचाखच मानसं. डायवर म्हनला, "वैनी, पुढं जागा हाय, बसा की." मी नवी नवरी, खुळी, बसले. मागनं तुमी वरडलासा, "ए भवाने, उतर खाली! पुढं बापय बसत्यात." सगळी जीप हसली. मी मागं जाऊन इस्टेपनीवर बसले, गुडघं हनवटीला लागल्यालं, डोळ्यांत पानी. त्यानंतर कितीतरी दिवस तुमाला 'व्हय' आन 'न्हाय' सोडून बोलले न्हाय. मग एक दिवस वडगावच्या बाजारातनं आलासा आन हळदीच्या रंगाचं नायलॉनचं पातळ माज्या अंगावर टाकलं. म्हनलासा, "दुकानदारानं चुकून बांधलंय जादाचं. परत कोन जातंय एवढ्या लांब." आत्याबाई, त्यो दुकानदार कवा चुकून काय दील व्हय? काठबी मला आवडतोय तसाच, बारीक. तुमी लबाड हुतासा. पर त्या दिवसापास्नं मी तुमची झाले, हे तुमास्नी कवा सांगितलं न्हाय.

हिथला रस्ता म्हंजे आपली पाणंदच बगा. दोनी अंगाला दगडाचं बांध, बांधावर पिवळ्या फुलांची काटेरी झुडपं, आन रस्त्याच्या मदोमद गवताची वळ. डांबर हाय, पर गवत त्येला जुमानत न्हाय. समोरनं गाडी आली की एकानं रुंद जागा बगून मागं सरकायचं. मग जानारा मानूस इस्टेरिंगवरनं एकच बोट उचलतोय. सून म्हनली, "आई, हा इथला रामराम." मी म्हनलं, एका बोटाचा? एवढी कंजुशी? मग मी आपला आख्खा हात वर कराय लागले. कवाकवा दोनी हात जोडले. एक म्हातारबाबा ट्रॅक्टरवरनं येत हुता, माजा नमस्कार बगून गडबडला आन टोपीच काढली त्येनं. मागनं तुमचा नातू म्हनतोय, "आई, इलेक्शनला उभी हायस का?" मी म्हनलं, "तुज्यापेक्षा जादा मतं पडतील मला."

पाऊस हिथं पडत न्हाय, नुसता हवेत उभा ऱ्हातोय. काचंच्या पल्याड समदं दुधात बुडवल्यागत दिसतंय. मधनंच ढगाला भोक पडतंय आन एकाच डोंगरावर ऊन सांडतंय, बाकीचं डोंगर तसंच झोपल्यालं. मेंढरांच्या पाठीवर निळं, तांबडं पट्टं हायत, ज्येची त्येला वळखू यावीत म्हनून. आपन बेंदराला बैलांची शिंगं रंगवतो, तसा मला वाटलं, हिथं मेंढरांचा बेंदूर हाय का काय. गाडी हळूहळू चालतीया, माजं डोळं जड हुत्यात, आन मग मला वाटतंय तुमी मागं बसलायसा, नातवाच्या शेजारी, लिंबू हुंगत. मी मागं वळून बगत न्हाय. बगितलं तर तुमी नसनार. म्हनून पुढंच बगत ऱ्हाते, आन तुमी बसून ऱ्हातासा.

एका रातीला आमी एका बाईच्या घरात उतरलो. समुद्राच्या कडंला तिचं शेत, तीच सगळं बगती. माज्यापेक्षा थोडी मोठी असंल, आन माज्यासारखीच, नवरा जाऊन लई वर्सं झाल्याली. पोरं ऑस्ट्रेलियात. आमी पोचलो तवा दिवस मावळायचा हुता आन तिच्या गोठ्यात गाय व्याली हुती. मला वासानंच कळलं. तिनं मला तिचं रबरी बूट दिलं, मी लुगडं वर खोवून त्यात पाय घातलं आन गेले आत. गाय वासराला चाटत हुती. मी त्या बाईला हातानंच इचारलं, चीक हाय का, व्याल्याल्या गायीचं पयलं दूध? पिळून दाखवलं, मग बोटं चाटून दाखवली. सून लाजून म्हनली, "आई, प्लीज." पर त्या बाईला कळलं की! हसली खदाखदा. सकाळी निघताना तिनं चिकानं भरल्याली जुनी ॲल्युमिनियमची किटली माज्या मांडीवर ठिवली.

त्या दुपारी पुढच्या मुक्कामाला मी खरवस केला. गूळ आन येलदोडं माज्या पिशवीत हुतंच. वाफेचा वास आला आन मी परत आपल्या चुलीपुढं. आपली म्हस व्याली की तुमी गल्लीतल्या समद्या घरास्नी चीक धाडायचासा. आन मग उंबऱ्यात बसून बगायचासा, कुनाचं भांडं कसं परत येतंय. तांदूळ घालून आलं, गुळाचा खडा घालून आलं, तर ती बाई गुनाची. रिकामं आलं, तर त्या घराकडं वर्सभर वाकडं बगायचासा. "दुभत्याचं भांडं रिकामं फिरवलं," म्हनायचासा, जसं काय खूनच केलाय. एकदा मी शेजारनीचा तांब्या घासूनपुसून रिकामाच दिला तर तुमी मला परत तिच्या दारात धाडलं, पदरात मूठभर तांदूळ बांधून.

दुसऱ्या सकाळी पुढं निघायचं, तर मी किटली घिऊन गाडीत बसले. म्हनलं, "ही परत द्याला पायजे."

"आई, तिनं तुला भेट दिलीय ती."

"चीक भेट दिलाय. किटली न्हाय."

"आपण कितीतरी लांब आलोय आई! उलटं जायचं?"

"तू मागं बसून नुसता बोटानं रस्ता दावतोयस. तुजं काय पाय दुखनार हायत?"

सून हसाय लागली. "बसा आई," म्हनली आन गाडी वळवली. किटलीत मी खरवसाच्या वड्या आन गुळाचा मोठा खडा घातला हुता.

आमाला दारात बगून त्या बाईचं तोंडच उतरलं. तिला वाटलं आमी कायतरी इसरलोय. ती आत पळाली आन एक छत्री आनली, मला दावली. मी मान हालवली. मग एकच हातमोजा आनला. मग चष्मा. मग कुना बारक्या पोराचा बूट. मागं कवाचं कुठलं पावणं काय काय सोडून गेल्यालं, ते समदं तिनं माज्याम्होरं मांडलं. मी किटली म्होरं केली. ती काय म्हनली ते सुनंनं सांगितलं, "ही तर मी टाकूनच देनार हुते." मग झाकन काढलं, हुंगलं, खरवसाची वडी तोंडात घातली आन डोळं मिटून उभीच ऱ्हायली. मग हाताला धरून मला आत नेलं. च्या झाला. हिथला च्या काळा असतोय, वरनं दुधाचा नुसता सडा.

मी सुनंला म्हनलं, "तिला इचार, एवढ्या घरात एकटीला करमतंय का?"

ती बाई लई वेळ हसली. मग काय तरी म्हनली. सून सांगाय मागंना.

"सांग की."

"ती म्हणते, पोरं सुट्टीला येतात तेव्हा फार आनंद होतो. आणि परत जातात तेव्हा दुप्पट होतो."

मी हसले. सून हसली. त्या बाईनं माज्या मांडीवर थाप मारली. तुमचा नातू कपातच बगत ऱ्हायला.

गाडी परत रस्त्याला लागली तवा त्येनं मागनं इचारलं, "आई, मग काय ठरवलंस?" लई मऊ आवाजात. ल्हान असताना ताप आला की असा बोलायचा. माजं काळीज हाललं. मी काचंतनं बगत म्हनलं, "न्हाय रं बाळा. तुज्या आज्जीनं जाताना माजा हात धरला हुता. म्हनली, काय बी हू दे, घर सोडू नगंस. मी शब्द दिलाय. मेल्याल्या मानसाला दिल्याला शब्द कसा मोडू?" आरशात दिसलं, पोरगं डोळं पुसत हुतं. मग हात पुढं घालून माज्या खांद्यावर ठिवला. सुनंनं समोरच्या गाडीला एक बोट उचललं, आन मग तिरक्या नजरंनं माज्याकडं बगितलं. तिला आता बगू म्हंजे काय ते कळाय लागलंय.

आत्याबाई, तुमी कसला वो शब्द घेतलासा? तुमी जाताना म्हनलासा, "च्यात साखर कमी पडलीया." एवढंच. मग डोळं मिटलं.

हे पत्र मी गाडीतच मनात सुरू केलं हुतं, आन आता तुमच्या नातवाच्याच सैपाकघरात बसून लिवतीया. टाकायचं कुठं, म्हनून तर सगळं लिवता येतंय. तुमचा ल्योक गेला तवा मी रडले, ते खोटं न्हाय. तुमी गेलासा तवा तर त्येच्यापेक्षा जादा रडले. पर मग पोरगं नोकरीला लांब गेलं, आन एक दिवस मी भायल्या सोप्याच्या मदोमद, पंख्याखाली, पाय पसरून झोपले. कुनी हाक मारली न्हाय. भूक लागली तवा भाकरी केली, न्हाय लागली तवा न्हाय केली. म्हशींशी मोठ्यानं बोलले. रेडिओ कानठळ्या बसंस्तोवर लावला. जल्मात पयल्यांदा एका घरात मी कुनाचं काय देनं लागत न्हाय. हे पोराला कसं सांगू? त्येला वाटंल आईला आपली माया न्हाय. माया हाय की, लई हाय. पर ती लांबनं चांगली ऱ्हाती. म्हनून तुमचं नाव घातलं मधी.

आन एक. तुमची आठवण मला रोज येतीया, आत्याबाई. पर तुमी परत यावं, असं एकदाबी वाटलं न्हाय.