कोंडीरामचा बिल्ला

करी रोड,
२ मार्च २०२५

ती. सुभद्राआत्यास,
अनुजाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. माझ्या मागच्या पत्रातल्या चुका लाल पेनाने सुधारून परत धाडल्यास, त्याबद्दल आभार! चाळिशी आली तरी तुझ्या वर्गातून सुटका नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी पळतात म्हणतेस, म्हणून सगळं नीट लिहिते.

विहारात चौदा एप्रिलला ‘आपल्या घरचे सैनिक’ नावाचं प्रदर्शन आहे. पप्पांनी पणजोबांचा लढाईतला बिल्ला दिला होता. सोबत जाड पुठ्ठ्यावर स्वतः लिहिलं, ‘हवालदार कोंडीराम कासारे, पहिलं महायुद्ध’. महिनाभर बेस्टमधल्या नोकरीतले जुने मित्र घरी बोलावून दाखवत होते. बिल्ल्यावरचा उघडा घोडेस्वार, त्याच्या घोड्याच्या टापेखालची कवटी, सगळं समजावून सांगायचे.

काल मंडळाच्या राजरत्नने सगळ्या वस्तू एका दुकानदाराला दाखवल्या. जुन्या नाण्या-पदकांचा धंदा आहे त्याचा. त्याने बिल्ला नुसता तळहातावर घेतला आणि सांगून टाकलं की हे पदक चांदीचं असतं, हे काशाचं आहे, म्हणजे डुप्लिकेट. चोरबाजारात असे ढिगाने मिळतात. हे सगळं चारचौघांसमोर. राजरत्न बिचारा ओशाळला. पप्पांनी बिल्ला रुमालात गुंडाळला. घरी येऊन त्यांनी आपलं नाव यादीतून काढायला सांगितलं. रात्री मला एवढंच विचारलं की आजोबांनी हा बाजारातून आणला असेल का गं? आत्या, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाचा असा चेहरा बघवत नाही.

तू पणजोबांना पाहिलंयस. बिल्ला त्यांचाच का? मधे कुणी बदलला का? लवकर कळव.

अजितदादाला जयभीम. तुझ्या मायेची सावली अशीच असू दे.

तुझी
अनुजा

---

महाड,
८ मार्च २०२५

चि. अनुजास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचलं. या खेपेला फक्त तीन चुका, शाबास.

बिल्ला आजोबांचाच आहे. आमची आजी सुंदराबाई दर पौर्णिमेला तो चिंचेने घासायची आणि वाळला की पेटीत ठेवायची. चांदीचा तो कधीच नव्हता. तेव्हा कुणी बदलला वगैरे मनात आणू नकोस.

एका दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. ज्याला खरंच कळतं अशा माणसाला दाखव. बिल्ल्याच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं आहेत. घासून घासून पुसट झालीत, पण आहेत. ती नीट वाचून घे. आणि जे निघेल ते आधी मला लिही, विकासला, तुझ्या पप्पांना, नंतर सांग. कारण आत्ता विचारू नकोस.

अजितने कानाचं नवीन मशीन आणलंय. त्यात मला फक्त शेजारचा मिक्सर ऐकू येतो.

सर्वांना जयभीम. आठवण ठेवतेस, असंच लिहीत राहा.

तुझी आत्या
सुभद्रा

---

करी रोड,
१७ मार्च २०२५

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

राजरत्नलाच रुखरुख लागली होती. त्याने चौकशी करून मला खोताच्या वाडीतल्या मिसेस डिमेलोंचा पत्ता दिला. ऐंशीच्या पुढच्या आहेत. त्यांचे मिस्टर पदकं जमवायचे आणि त्यांची सगळी नोंद या ठेवायच्या. मिस्टर गेल्यावरही लोक यांच्याकडेच येतात. शनिवारी पप्पांना न सांगता गेले.

आत्या, काय बाई आहे! आधी मला लिंबूसरबत दिलं, माझे हात पुसायला लावले, मग बिल्ला खिडकीत उजेडाला धरला. वजन केलं. भिंगातून घोड्याची शेपटी दाखवली. म्हणाल्या की साच्यात ओतलेल्या नकलेत शेपटीचे केस एकमेकांत मिसळतात, इथे घासून झिजलेत पण वेगळे दिसतात. कडेवरची अक्षरं हाताने कोरलेली नाहीत, एकेक ठोकून उठवलेली आहेत. अर्धा तास त्या कडेवर भिंग फिरवत होत्या.

बिल्ला अस्सल आहे. शंभर टक्के. दुकानदाराचं एवढंच बरोबर की सैनिकांना चांदीचा मिळायचा. पण लढाईवर नेलेल्या मजुरांना, ओझी वाहणाऱ्यांना सरकारने तोच बिल्ला काशाचा दिला. चेहरा तोच, घोडा तोच, धातू हलका. मग त्यांनी कडेवरचं वाचून कागदावर लिहून दिलं: नंबर २४१७, कुली, कोंडीराम, लेबर कोअर.

‘कुली’ हा शब्द त्यांनी हळूच वाचला. मग म्हणाल्या की चांदीचे बिल्ले लोकांनी वितळवून दागिने केले, नाहीतर मिरवले. काशाचे कुणी जपले नाहीत, कुणाला सांगितलेही नाहीत. इतकी वर्षं घासून जपलेला असा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला. किंमत विचारली तर म्हणाल्या, विकणार असशील तर सांगते. विकणार नाही म्हटल्यावर माझ्याकडून एक पैसा घेतला नाही, वर निघताना गालावर हात फिरवला.

आता सांग, पप्पांना कसं सांगू? बिल्ला खरा, पण हवालदार खोटा. जन्मभर ज्या आजोबांच्या बंदुकीच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्या हातात बंदूकच नव्हती. तुला हे माहीत होतं ना?

उत्तराची वाट बघते. माझ्यावर रागावली नसशील अशी आशा.

तुझी
अनुजा

---

महाड,
२२ मार्च २०२५

चि. अनुजास,
आशीर्वाद. वि. वि.

माहीत होतं. हवालदार मीच केला त्यांना.

विकास तेव्हा आठ वर्षांचा होता, मी तेरा. शाळेत गुरुजींनी घरच्या मोठ्या माणसांबद्दल विचारलं. याने उभं राहून सांगितलं की आजोबा लढाईत ओझी उचलायचे. पोरं हसली, मागून हमाल हमाल म्हणून ओरडत आली. दुसऱ्या दिवसापासून हा शाळेत जाईना. जिन्याखाली दप्तर लपवून बसायचा. मी त्याला तिथे बसूनच सांगितलं की आजोबांनी मुद्दाम खोटं सांगितलंय, ते खरे हवालदार होते, त्यांच्याकडे बंदूक होती, पण ते गुपित आहे. तो लगेच उठला. बोलून वर पाहते तर आजोबा जिन्यात उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढे सात वर्षं जगले, पण विकासने बंदुकीचं काही विचारलं की हसायचे, ना हो ना नाही. ते हसू मी अजून विसरले नाही.

खरं काय ते मला त्यांनीच सांगितलं होतं. इराकात बसऱ्याला नदीवरून जखमी भरून बोटी यायच्या. झोळ्या कमी पडायच्या, मग आजोबा माणसं पाठीवर घेऊन दवाखान्यात न्यायचे. एका गोऱ्या पोराने वाटभर यांचा कान धरून ठेवला होता, खाली ठेवला तरी सोडेना. किती जणांना नेलं ते यांनी मोजलं नाही. लढाईवरून चाळीत परत आले तेव्हा उजवा खांदा कायमचा खाली गेलेला होता.

हे पत्र विकासला दे. समोर बसून वाचू नकोस, त्याच्या हातात दे. त्याच्या आजोबांना मी त्याच्यापासून काढून घेतलं, ते परत करते आहे. रागावला तर रागावू दे, तो हक्क त्याचा आहे.

मिसेस डिमेलोंना माझा नमस्कार कळव. त्या बाईचे उपकार मोठे.

तुझी आत्या
सुभद्रा

---

करी रोड,
१६ एप्रिल २०२५

ती. ताईस,
विकासचा सप्रेम जयभीम. वि. वि.

आपण पत्र लिहून किती वर्षं झाली? अक्षर बिघडलंय, लाल पेन बाजूला ठेव.

तुझं पत्र वाचलं. राग आला होता. तुझा नाही, माझा. सात वर्षं म्हातारा माझ्यासमोर बसून हसत होता आणि मी त्याच्या तोंडावर बंदुकीच्या गोष्टी सांगत होतो. मग वाटलं, त्यांनी ते माझ्यासाठी सोसलं. तूही. जिन्याखालून तू मला उठवलं नसतंस तर मी शाळा सोडली असती, आणि मग नोकरी कुठली, अनुजाचं शिक्षण कुठलं. ताई, याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले होते. आता मानतो.

राजरत्नला जाऊन सांगितलं की नाव परत घाल, पण पुठ्ठा नवा लिहीन. प्रदर्शन सैनिकांचं, हे चालेल का विचारलं. तो म्हणाला, काका, पाटीच बदलतो, ‘लढाईवर गेलेली आपली माणसं’. मी लिहिलं, ‘कोंडीराम कासारे. नंबर २४१७. कडेवर कुली असं लिहिलंय. बसऱ्याला यांनी जखमी माणसं पाठीवर वाहून नेली. किती, ते मोजलं नाही.’

परवा मिसेस डिमेलो टॅक्सीने आल्या. अनुजाने त्यांना खुर्ची दिली, तर त्या माझ्याशीच बोलत बसल्या. दुपारी लालबागहून मालनबाई म्हणून एक म्हातारी आली, सुनेच्या हाताला धरून. डोळ्यांत मोतीबिंदू. काचेला नाक लावून बिल्ला बघत होती. म्हणाली की असाच लाल बिल्ला तिच्या सासऱ्यांचा होता. तेही बसऱ्याला गेले होते, हमाली करायला. कुणीतरी खोटा आहे म्हणालं आणि पोरांनी भंगारात घातला. त्यानंतर घरात सासऱ्यांचं नाव कुणी काढलं नाही. तिला पुठ्ठा वाचता येत नव्हता, तो मी वाचून दाखवावा म्हणाली.

मी वाचला. बाहेर वाजंत्री चालू होती, तिला ऐकू गेलं नाही. परत वाचला, तर कुली या शब्दावर माझाच आवाज बसला. तिने माझं मनगट धरलं आणि सांगितलं की मोठ्याने वाचा, माझ्या सुनेलाही ऐकू दे. तिसऱ्यांदा वाचला तेव्हा आवाज नीट लागला. सगळा हॉल ऐकत होता.

प्रकृतीला जप. धाकट्यावर लोभ आहेच, तो वाढव.

तुझा
विकास