सत्तेचाळीसचं पान

प्रिय भिंगवाली,

माझं सगळं बदललं ते त्या सकाळी सव्वानऊला. तू काचेच्या बशीवर भिंग धरून ओरडलीस, अगंबाई, एकही भोक नाही! बाकी सगळ्या सोयाबीनच्या पानांची अळ्यांनी चाळण केली होती आणि सत्तेचाळीस नंबरच्या झाडाची पानं सहाही बश्यांत कोरी करकरीत. अळी तोंडच लावणार नाही असं झाड तू दोन वर्षं शोधत होतीस. आनंदाच्या भरात तू माझा हात धरलास. कॉलेज अर्धवट सोडून इथे प्रयोगशाळेत अळ्या पाळणाऱ्या पोराचा हात! प्रत्येक बशीनंतर हात धुवायचा नियम आहे, तरी मी तो दिवसभर धुतला नाही.

आदल्या दिवशीचंही तुला आठवत असेल. मी एकदाचं मनातलं बोललो, आणि तू ब्रशाने अळी उचलता उचलता म्हणालीस, आधी कॉलेज पुरं कर, मग बघू. माझं डोकंच फिरलं. भडकू हे नाव तू उगाच नाही ठेवलंस. तू जेवायला गेलीस आणि उरलेल्या बश्या मी रागारागाने भरल्या. शेवटच्या सहा सत्तेचाळीसच्या होत्या. अळ्यांचा डबा संपला, म्हणून शेजारचा उचलला. झाकणावरची अळ्यांच्या जन्माची तारीख वाचली नाही.

इकडे तुझ्या जागेवर आता नवी मुलगी बसते. स्टूल अजून डुगडुगतं. पायाखाली मी घातलेली कागदाची घडी तीच आहे. आई बरी आहे. शेजारणींना सांगते, पोरगा संशोधन करतो. कॉलेज सोडलं तेव्हा म्हणाली होती, टाकेल कात कधीतरी. तिला काय ठाऊक, कातच माझ्या मुळावर येईल ते!

कात टाकायच्या आधी अळी दिवसभर काही खात नाही. समोर अमृत ठेव, ढिम्म. हे मला तूच शिकवलंस. त्या संध्याकाळी बश्या धुवायला घेतल्या, तर सहाही बश्यांत काती पडलेल्या, आणि ताज्यातवान्या अळ्या सत्तेचाळीसच्या पानांवर ताव मारत होत्या. बाहेर तू फोनवर बाबांना सांगत होतीस, बाबा, सापडलं! मी नळ सोडला आणि सगळं वाहू दिलं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, चाचणी पुन्हा घेऊ या, तर मी त्यांच्या अंगावर धावून गेलो. तिच्यावर विश्वास नाही का तुमचा? तुला वाटलं, मी तुझी बाजू घेतोय. अगं, चोराच्या उलट्या बोंबा होत्या त्या. सर भिडस्त, त्यांनी फेरचाचणीचा विषयच सोडून दिला. आणि त्या निकालाच्या जोरावर तू मोठ्या संस्थेत निघून गेलीस.

महिनाभर मी सत्तेचाळीस पुन्हा तपासतोय. योग्य वयाच्या अळ्या, तारीख दोनदा वाचून. चार वेळा केलं. चारही वेळा पानाच्या नुसत्या शिरा उरल्या. पाचव्यांदा बघायची हिंमत नाही. पुढच्या आठवड्यात तू भरल्या सभागृहात हेच झाड दाखवणार आहेस, सरांनी सांगितलं. म्हणून हे पत्र. नको उभी राहूस. तुझं काही चुकलेलं नाही. अळ्यांच्या डब्यांच्या तारखांची वही सोबत पाठवतोय, ती सगळ्यांना दाखव. सरांना आज सगळं सांगून टाकलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. नुसता चष्मा पुसत राहिले. उद्यापासून येऊ नकोस, एवढंच म्हणाले. तू उत्तर लिहू नकोस. तुझं ते ‘मग बघू’ मी इतके दिवस जपलं होतं, आता त्यातही काही उरलं नाही. अळ्यांना ताजी पानं घातली आहेत, सत्तेचाळीसचीच. आवडीने खातायत मेल्या. किल्ली तुझ्या स्टुलावर ठेवतो, बाहेर पडतो आणि दार ओढून घेतो.

तुझाच, तुला नको असलो तरी,
भडकू