विरुद्ध पक्षाची प्रत

ता. ३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र चोरून लिहितेय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. उत्तर शेजारच्या शिंपीणकाकूंच्या पत्त्यावर पाठव. तू वीस वर्षं वकिलांकडे टायपिंग करतेस, म्हणून तुलाच विचारते. सोळा वर्षं दहा महिने वयाच्या मुलीला घर सोडून आत्याकडे राहायचा हक्क असतो का?

आईला ट्रकने उडवलं त्याला चौदा महिने झाले. तेव्हापासून बाबांनी मला उंबऱ्याबाहेर सोडलेलं नाही. शाळेतून नाव काढलं. दहावीला बाहेरून बसले, तेव्हा परीक्षेपुरतं नेलं-आणलं. खाली दुकानात चष्म्याच्या काचा घासताना दर अर्ध्या तासाने मशीन थांबवतात आणि जिन्यातून हाक मारतात. मी ओ दिली की मशीन पुन्हा सुरू. तुझ्या गावच्या कॉलेजात प्रवेश तीस तारखेला बंद होतात. मला शिकायचंय गं.

तुझी भिंगरी (हल्ली फिरत नाही)

ता. ९ जून

चि. भिंगरी,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बापाचंच उचललंयस, त्याला काय नावं ठेवायची! वकीलसाहेब म्हणाले, अठरा पूर्ण होईपर्यंत पालकाची संमती लागते. ती नसेल तर कोर्टात अर्ज करायचा आणि घरी राहण्याने तुझं नुकसान होतंय हे दाखवायचं. कोर्ट तुझं म्हणणंही ऐकून घेतं. तेव्हा बाबाने काय काय त्रास दिला ते लिहून पाठव, हातचं राखू नकोस. पळून मात्र येऊ नकोस. तशी आलीस तर मलाच तुला परत नेऊन सोडावं लागेल, आणि मग तो तुला दाराबाहेर पाऊल टाकू द्यायचा नाही.

जिवाला जप. तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
आत्या

ता. १४ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तीन दिवस कागद घेऊन बसले. बाबा मारत नाहीत. उपाशी ठेवत नाहीत, उलट गरम असेल ते मला आधी वाढतात. ओ द्यायला उशीर झाला तर धावत वर येतात आणि धापा टाकत दारात उभे राहतात. एवढंच लिहिता आलं. मला ओ द्यायचा कंटाळा आलाय, हे कारण कोर्टाला चालेल का?

तुझीच,
भिंगरी

ता. २० जून

चि. भिंगरी,
आशीर्वाद.

माझ्या हातून घोटाळा झालाय. तुझा मजकूर जसाच्या तसा अर्जात टाईप केला. आमच्याकडे अर्ज तयार झाला की एक प्रत विरुद्ध पक्षाला टपालाने जाते. सवयीने मी पाकीट केलं, पत्ता घातला आणि पोस्टात टाकून आले. चहा पिताना लक्षात आलं, विरुद्ध पक्ष म्हणजे तुझा बाबा! कपाळ बडवून घेतलं. त्याने आकांडतांडव केलं तर काकूंकरवी कळव, मी तशीच निघते. पोरी, माफ कर मला.

तुझी वेंधळी आत्या

ता. २३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या ऑफिसचं पाकीट मिळालं. उभ्यानेच वाचलं. मग संध्याकाळपर्यंत वर हाक मारायचा धीर झाला नाही. मशीन का बंद आहे ते बघायला तीच खाली आली. माझ्या हातात कागद बघून रडायला लागली. मीही रडलो, तुझ्यापासून काय लपवायचं.

पण ताई, वीस वर्षं अर्ज टाईप करतेस आणि हा असला केलास? कोर्टात एक दिवस टिकायचा नाही. पोरीने जागोजागी माझीच बाजू सांभाळलीय. तिने गाळलेलं मी समासात लिहिलंय. तिच्या मैत्रिणी आल्या की ती घरी नाही म्हणून सांगत होतो. बाहेर जाताना दाराला कुलूप घालत होतो. जानेवारीत तिने तुझ्याकडे यायचं विचारलं, तेव्हा तू आजारी असल्याची थाप मारली. बायको गेली, त्याची शिक्षा मी लेकीला दिली. हेही लिहिलंय, आणि खाली सही केलीय.

ती प्रत आणि संमतीपत्र सोबत आहे. परवा सकाळच्या गाडीत तिला बसवतो. तरी तो अर्ज फाडू नकोस, जपून ठेव. माझा काही भरवसा नाही. घर खायला उठलं आणि तिला परत न्यायला तुझ्या दारात येऊन उभा राहिलो, तर माझं काही ऐकू नकोस. तो दाखल कर.

माझ्यावरचा लोभ आता तिच्या वाट्याला घाल.

तुझा धाकटा