डाव्या बाजूचा आवाज

१२ जुलै, शनि.
…सडा टाकून झाला होता, भाकरी टाकायच्या होत्या, आणि मी कपबशी घेऊन केबलच्या कंट्रोल रूमच्या दारात उभी. हे खुर्चीवर. हेडफोनची एक वाटी कानावर, दुसरी मानेवर सरकवलेली. "चहा." उत्तर नाही. "चहा ठेवू काय?" नाही. शेवटी कप टेबलावर आदळला तेव्हा हे दचकले. "अवं, आवाज तं देत जाय!" मी रागाने निघून आले आणि तूर पाखडायला बसले. काही विशेष नव्हतं त्या सकाळी. आज कशाला आठवली कोण जाणे.

गल्लीतली शेवंताबाई आली होती, त्यामुळे असेल. वर्षावास लागल्यापासून तिच्या ओट्यावर सकाळी बाया जमतात, टीव्हीवरचं धम्मप्रवचन ऐकायला. म्हणाली, "काऊन वं, भंतेजी मुके झाले काय? ओठ हालून राह्यले अन् नुसती बासरी वाजून राह्यली."
"पाहतो मी," मी म्हटलं.
"पाह्य बापा. माहा पोरगा डिशची छत्री लावतो म्हणते घरावर. मंग तुहं केबल कोन घेईन?"

१३ जुलै, रवि.
हे गेल्यापासून कं. रू. मध्ये मी फक्त पुसते. वायर, खांब, तक्रारी सगळं मिलिंद पाहतो. दीर आहे, कामाला वाघ. पण रिसिव्हरच्या मेन्यूला हात लावायचा नाही, हे त्याला पहिल्याच महिन्यात बजावलं. एकेका चॅनलचा आवाज यांनी स्वतः बसवलेला. कपडे वाटून टाकले, गाडी विकली. त्यांच्या हातचं चालू असलेलं एवढंच उरलंय.

आता बिघडलं म्हणजे मला तिथे हात घालावा लागणार. नाहीतर मिलिंदने आधीच घातलाय. तेच असणार.

१५ जुलै, मंगळ.
चॅनलवाल्यांना फोन केला. तिथली मुलगी गोड बोलत होती. "ताई, आम्ही नवीन स्टुडिओत आलो. आता संगीत डाव्या बाजूला जातं, भंतेजींचा आवाज उजव्या. तुमच्या रिसिव्हरचं डाउनमिक्स पाहा, दोन्ही बाजू एकत्र करा."

डाउनमिक्स. मशीनसोबत आलेलं पुस्तक काढलं. सगळं इंग्रजी. मी सातवीपर्यंत, पुढचं वाचन विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाच्या भरवशावर. डिक्शनरी घेऊन बसले, दोन पानांत दुपार गेली. कळलं ते असं: वरून आवाज डावा-उजवा वेगवेगळा येतो. गावात सोडताना दोन्ही मिळून सोडायचा, नुसता डावा की नुसता उजवा, हे मशीनला सांगून ठेवावं लागतं.

मेन्यू उघडला. फक्त पाहायला. नुसता डावा.
बाकीची मशीनं पाहिली. सगळीकडे नुसता डावा. बाकी चॅनलवर बोलणं दोन्हीकडून येतं, म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

मिलिंद!!

१६ जुलै, बुध.
भांडले.
"तू हात लावला."
"नाई लावला, वहिनी."
"मंग कोन, भुतानं लावला?"
तो उंबऱ्यावर बसला. पाना या हातातून त्या हातात. "दादानंच ठेवलं तसं. त्याले उजव्या कानानं आयकू येत नव्हतं. अकोल्याले दाखवलं आमी. डॉक्टर म्हणे, गेला तो कान. हेडफोन लावून एकच बाजू तपासता ये त्याले. तं म्हणे, जे मले आयकू येत नाई ते मी गावाले कायच्या भरवशावर पाठवू?"
"मले काहून नाई सांगतलं?"
"नको सांगू म्हणे. तुही वहिनी जीव खाईन माहा."
हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला.

१७ जुलै, गुरु.
जीव खाईन.
खाल्लाच असता. दवाखाने पालथे घातले असते. तेच नको होतं.

अख्खं गाव यांच्या एका कानाने टीव्ही ऐकत होतं. भावाला ठाऊक. माहीत नव्हतं ते मला.

अकोल्याच्या दवाखान्यात, यांच्या शेवटच्या आठवड्यात, माझं स्टूल पलंगाच्या उजवीकडे. डावीकडे सलाईनचा स्टँड. जे सांगायचं ते वाकून त्याच उजव्या कानात सांगितलं, नर्सला ऐकू जाऊ नये म्हणून हळू. हे मान हलवत होते.
कशाला हलवली मान?

१९ जुलै, शनि.
शेवंताबाई पुन्हा. "पोरानं छत्रीवाल्याले बलावलं मंगळवारी. तुह्यानं होत नसंन तं सांग, मी मिलिंदले सांगतो."
मी ओरडले तिच्यावर. "ज्यानं ठरवलं कोनी काय आयकायचं, त्याले जाऊन इचार!"
"कोनाले वं?" बावरली बिचारी. चहा न घेता गेली.

२० जुलै, रवि.
मिलिंद म्हणतो, एक बटन आहे वहिनी, दाबू द्या. सगळ्याच मशीनचं करून टाकतो. मी म्हटलं, नाही.
"तुमी मशीनवर राग काढून राह्यल्या."
खरं आहे. आधी जीव लावला म्हणून हात लावत नव्हते, आता राग आला म्हणून. लोकांना दोन्हीत ऐकू येत नाही ते नाहीच.
पण मी तिथे 'दोन्ही' केलं की त्यांनी ठेवलेलं गेलं. आणि नाही केलं तर मंगळवारी छत्री. एक घर गेलं की गल्ली जाते.

२२ जुलै, मंगळ.
काल सकाळी शेवंताबाईच्या ओट्यावर गेले, माफी मागायला. टीव्ही सुरू. भंतेजी बोलतायत, ऐकू येते बासरी. दोन-तीनच बाया, हात जोडून, ओठांकडे पाहत. मला पाहून सरकल्या, जागा केली. शेवट होईस्तोवर बसले.
मग विचारलं, "काय समजलं वं?"
"काई नाई."
"मंग बसता कायले?"
"ते आपल्यासाठीच बोलून राह्यले ना," शेवंताबाई म्हणाली. "उठून कसं जावं मधातून."
माफी मागायची राहिली.

आज प्रवचनाच्या आधी कं. रू. उघडली आणि त्या एका मशीनचा आवाज 'दोन्ही एकत्र' वर केला. बाकीच्या मशीनना हात लावला नाही.