तह मोडण्याचा अधिकार

लिहून ठेवणार मी, चंद्रप्रकाश सखाराम घाडीगावकर, वय ४९, धंदा नोकरी, टूलरूम फिटर, राहणार मरोळ, अंधेरी पूर्व, मुंबई; मूळ राहणार मौजे शिरसवाडी, तालुका देवगड.

आज रविवारी देवपूजा आटोपून, पूर्ण शुद्धीत, माझ्या हाताने मी हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कोणी भीती घातलेली नाही की लालूच दाखवलेली नाही. कसला आजारही नाही. पत्नी पलीकडे तांदूळ निवडत बसली आहे आणि मी काय लिहितो आहे ते तिला ठाऊक आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण आम्हा दोघा भावांत कागदाची गरज पडेल असे मला कधी वाटले नव्हते.

माझ्या मागे पत्नी सौ. मालन आणि मुलगी कु. जान्हवी हे दोनच वारस आहेत.

कलम १. मरोळची खोली माझ्या वडिलांनी घेतली. ते गेले तेव्हा थोरले बंधू जगन्नाथ, म्हणजे दादा, आणि मी गावी रवळनाथाच्या देवळात उभे राहिलो. दादा म्हणाला, "मुंबईची खोली तुझी, गावचा घर माझा." मी म्हटले, "व्हय." दोघांनी देवाला नारळ ठेवला आणि घरी येऊन जेवलो. देवासमोर बोलणे झाल्यावर भावाकडे हक्कसोडपत्र मागणे म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणे, असे मला वाटले. म्हणून कागद झाला नाही. या खोलीत माझा जो काही हक्क आणि हिस्सा आहे, आणि इमारत पाडून नवी बांधल्यावर जी जागा मिळेल, ती सर्व मी मालनला देतो.

कलम २. बँकेतील शिल्लक, भविष्यनिर्वाह निधी आणि विम्याचे पैसे मालनला. जान्हवीच्या शिक्षणाचा खर्च त्यातूनच व्हावा. तिच्या लग्नासाठी वेगळे काही ठेवू नये. ती म्हणाली आहे, "बाबा, आधी मला नोकरी तर लागू दे."

कलम ३. देव्हारा, समई आणि वडिलांची घंटा मालनकडे राहील. माझे मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि कानशी ही हत्यारे कारखान्यातील किरणला द्यावीत. तो घेतलेली वस्तू पुसून परत ठेवतो. तेराव्याला गावजेवण नको. रवळनाथाला एक अभिषेक पुरे.

कलम ४. आता खेळाविषयी. वकील ऋतिकाताईंनी मला विचारले, "काका, मृत्युपत्रात खेळाचं कशाला?" मी त्यांना सांगितले की हे काढले तर पुढचे कलम कोर्टाला वेड्याचे वाटेल. म्हणून लिहितो.

माझ्या लग्नाआधी मरोळ नाक्याच्या मागे श्री. रतन खरात यांचे सायबर कॅफे होते. तेथे संगणकांची एक ओळ या भिंतीला आणि दुसरी त्या भिंतीला होती. रविवारी दुपारी आम्ही तिथे युद्धाचा खेळ खेळत असू. प्रत्येकाचे पडद्यावर एक गाव. शेती करायची, लाकूड तोडायचे, तट बांधायचा, सैन्य उभे करायचे. तीन-तीन जणांचे गट. एका गटाला दुसऱ्याशी तह करता येई. मात्र एक बटण दाबले की तह मोडे. संगणक कोणाला अडवत नसे, दंडही करत नसे. तहाला जामीन फक्त माणसाचा शब्द.

कॅफेतल्या एसीचे पाणी एका निळ्या बादलीत पडे. बादली भरली की रतन ओरडे, "बादली!" आणि युद्ध थांबे. बादली ओतून येईपर्यंत कोणीही माउसला हात लावायचा नाही, हा रतनच्या कॅफेचा कायदा. हातघाईची लढाई चालू असली तरी सगळे हात वर करून बसत. तेवढ्यात शत्रूकडच्या पाकिटातले वेफर्स खायला मुभा होती. डाव संपला की जिंकलेले आणि हरलेले मिळून आरेच्या स्टॉलवर मसाला दूध प्यायला जात. असे रविवार मला पुन्हा मिळाले नाहीत. कॅफे बंद झाले, तिथे आता चष्म्याचे दुकान आहे. आम्ही अजून खेळतो, पण आपापल्या घरी, फोनवर, आणि समोरचा माणूस हात वर करून बसला आहे की नाही ते दिसत नाही.

आमच्या गटात मी, हर्षद केळुसकर आणि सर्वेश तावडे. हर्षद तेव्हा कुरिअरमध्ये होता, सर्वेश बँकेच्या परीक्षा देत होता. मी गावच्या शाळेत शिकलेला. पडद्यावरचे इंग्रजी मला सावकाश वाचावे लागे, त्यामुळे लढाईत मी कच्चा. पण तहाची बोलणी माझ्याकडे असत. माझे वडील गावात गाऱ्हाणे घालत, म्हणजे सर्वांच्या वतीने देवाला साकडे घालत. तीच रीत मी कॅफेत आणली. तह ठरला की मी उभा राहून म्हणे, "बा देवा रवळनाथा, ह्या लेकरांनी एकमेकांका शबूद दिलो हा. तो सांभाळून घे. जो मोडीत, त्याका तूच बघून घे, म्हाराजा!" आणि खुर्च्यांवरून सगळे ओरडत, "व्हय म्हाराजा!" आधी चेष्टा म्हणून, मग सवय म्हणून. पुढे पुढे असे झाले की गाऱ्हाणे घातलेला तह रतनच्या कॅफेत कोणी मोडत नसे. याचा मला अभिमान होता आणि आहे.

कलम ५. मग मरोळ, घाटकोपर आणि मुलुंड अशा तीन कॅफेंचा सामना रतनकडे झाला. घाटकोपरची कप्तान माधुरी वाघमारे. नऊ जणांत ती एकटी मुलगी आणि सर्वांत उत्तम खेळाडू. आमचा तिच्याशी तह ठरला की मुलुंड संपेपर्यंत आम्ही नकाशावरची नदी ओलांडून तिच्या हद्दीत शिरायचे नाही, तिनेही आमच्या हद्दीत यायचे नाही. मी गाऱ्हाण्याला उभा राहिलो तर ती म्हणाली, "चंदूशेठ, मी देवाबिवाला मध्ये घेत नाही हां. माझ्या शब्दाला जामीन लागत नाही."

मी म्हटले, "मग मी माझ्यापुरतं घालतो."

"घाला की. आवाज चांगलाय तुमचा."

अर्धा डाव झाल्यावर मुलुंडच्या तिघांनी मिळून माझ्या गावाला वेढा घातला. सर्वेश आणि हर्षद दोघांकडे भरपूर फौज होती, पण माझ्यापर्यंत येण्याची एकच वाट होती, ती माधुरीच्या नदीतून. माझा तट पडायला लागला. सर्वेश म्हणाला, "तह आहे ना? नदी ओलांडायची नाही असं ठरलंय. ठरलंय म्हणजे ठरलंय." आणि तो बसून राहिला.

हर्षद खुर्चीवरून उठला. समोरच्या ओळीत माधुरीजवळ गेला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "माधुरी, तह मोडतोय. घोडे तुझ्या नदीतून चंद्याकडे नेतोय. तुला मारायचं तर मार."

माधुरी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, "सांगितलंस ते बरं केलंस. आता वाट लावते तुझी."

हर्षद परत येऊन बसेपर्यंत तिचे तिरंदाज काठावर उभे होते. निम्मे घोडे नदीतच मेले. उरलेले माझ्याकडे पोचले आणि माझे गाव वाचले. सामना मात्र आम्ही हरलो, चषक घाटकोपरला गेला.

हर्षदवर मी फार चिडलो. माझ्या तोंडून देवासमोर गेलेला शब्द त्याने मोडला होता. तो म्हणाला, "अरे, गाव जळत होतं तुझं! बघत बसू काय?" मी म्हटले, "जळू द्यायचं." त्या दिवसापासून मी हर्षदशी बोलतो, त्याच्या घरी जेवतो, त्याच्या लग्नात पंगतीत वाढलेही; पण त्याच्या गटातून एकदाही खेळलो नाही. ही अढी मी कोणालाही देत नाही. ती माझी आहे आणि माझ्याबरोबर जाईल.

कलम ६. कॅफे बंद झाले तेव्हा रतनने मला तिथली एक खुर्ची दिली. ती श्री. सर्वेश तावडे यांना द्यावी. त्या दिवशी ते हिच्यावरूनच उठले नव्हते. त्यांनी राग मानू नये. ते माझे मित्र आहेत आणि त्यांनी आयुष्यात एकही तह मोडलेला नाही.

कलम ७. माझ्या फोनमधील खेळाचे खाते जान्हवीला. ती माझ्यापेक्षा चांगली खेळते. त्या खात्यावर नाशिकच्या मंडळींशी एक तह चालू आहे. ते तो मोडत नाहीत तोवर चालू ठेवावा.

कलम ८. माझ्यामागे हे मृत्युपत्र अमलात आणणारा माणूस, ज्याला वकील एक्झिक्युटर म्हणतात, तो मला नेमायचा आहे. ही निवड सर्वांत अवघड गेली. त्याचे कारण असे.

इमारत आता पुनर्विकासाला निघाली आहे. यंदा गणपतीला गावी जेवताना दादाचा मुलगा प्रांजल मला म्हणाला, "काका, बिल्डरच्या यादीत आमच्या बाबांचा नाव कसा नाय?" मी दादाकडे पाहिले. दादा भात कालवत राहिला. वहिनींनी विषय बदलला. मी असेपर्यंत तो काही करणार नाही, हे मला कळते. माझ्यामागे काय करील, हे त्या दिवसापासून मला कळत नाही. मालनच्या डोक्यावरचे छप्पर दादाच्या शब्दावर उभे आहे.

मी सर्वेशचे नाव घालणार होतो. तो बँकेत अधिकारी आहे, कायदा जाणतो. मालनला विचारले तर ती म्हणाली, "सर्वेशभावजी चांगलेच आहेत हो. पण दारात बिल्डरचा माणूस उभा राहिला तर ते मला फोनवर कलम वाचून दाखवतील."

"आणि हर्षद?"

"हर्षदभावजी चप्पल शोधत बसणार नाहीत."

म्हणून मी बोरिवलीला हर्षदकडे गेलो. तो म्हणाला, "मी? सर्वेशला घे ना यार. तुझ्या गटातला माणूस तो."

"सर्वेश नको."

"मग मला गटात घेतोस?"

"खेळात नाही घेणार."

"म्हणजे जिवंतपणी नाही, मेल्यावर घेणार. झकास!" त्याची बायको अस्मिता आतून हसली. मग तो गंभीर झाला. "चंद्या, आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्या दादाने काही केलं ना, तर मी भांडणार. तुझा देवळातला शब्द-बिब्द मी नाही बघणार. वहिनीला रस्त्यावर येऊ देणार नाही. चालत असेल तर नाव घाल, नाहीतर नको."

मी चहा पिऊन निघालो. त्याला उत्तर इथे देतो. श्री. हर्षद केळुसकर यांना मी एक्झिक्युटर नेमत आहे.

कलम ९. गावच्या घरावर आणि आंब्याच्या कलमांवर माझा कायद्याने हिस्सा आहे. तो मी कोणालाही दिलेला नाही, कारण तो दादाचा आहे असे मी देवासमोर बोललो आहे. दादा आणि त्याची मुले आपला शब्द पाळतील तोवर मालनने आणि जान्हवीने गावच्या घरात पाहुणे म्हणून जावे आणि तिथल्या कौलावरही हक्क सांगू नये.

परंतु दादाने किंवा प्रांजलने मरोळच्या जागेवर हक्क सांगितला, तर त्या दिवसापासून गावचा माझा हिस्सा मालनचा होईल, आणि तो मिळवण्यासाठी दावा लावण्याचा, म्हणजेच माझा तह मोडण्याचा, अधिकार मी हर्षदला देतो. मी आजवर एकही तह मोडलेला नाही. त्यामुळे तो कसा मोडायचा हेही नीट लिहून ठेवतो.

हर्षदने वकिलाची नोटीस पाठवण्याआधी स्वतः शिरसवाडीला जावे. पडवीत बसावे. वहिनींनी दिलेला चहा नाकारू नये. दादाला समोर बसवून सांगावे, "चंदूचा शब्द मी मोडतोय, आणि का मोडतोय ते असं." आवाज चढवू नये. दादाचे म्हणणे पूर्ण ऐकावे. तो म्हणाला की खोली मालनचीच, तर हक्कसोडपत्र त्याच भेटीत तालुक्याला जाऊन नोंदवून घ्यावे, गावचे घर आणि कलमे दादाच्या नावावर मालनकडून सोडून द्यावीत, आणि दोन्ही कागद झाल्यावर तिथेच जेवून निघावे. तो काहीच बोलला नाही, नुसता भात कालवत राहिला, तर ते उत्तर समजावे आणि दावा लावावा.

कलम १०. मागे मी गाऱ्हाण्यात म्हणत असे की मोडणाऱ्याला देवाने बघून घ्यावे. देवळात दिलेला शब्द माझ्या तोंडचा होता. तो मोडावा लागला तर त्याचा दोष हर्षदला लागू नये. रवळनाथाला काय सांगायचे ते मी स्वतः जाऊन सांगेन.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, माझ्या राजीखुशीने त्यावर सही केली आहे. खालील दोघांनी मला सही करताना पाहिले आणि माझ्यासमोर आपल्या सह्या केल्या. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे ऋतिकाताईंनी सांगितल्यावर रतन म्हणाला, "तसंही ह्याच्याकडे द्यायला काय आहे?"

ठिकाण: मरोळ, अंधेरी पूर्व, मुंबई
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: चंद्रप्रकाश सखाराम घाडीगावकर

साक्षीदार:
१. रतन खरात, राहणार मरोळ. सही
२. माधुरी वाघमारे, राहणार घाटकोपर पूर्व. सही

कलम ८, ९ आणि १० मी वाचले. मला मान्य आहे. पडवीत आवाज चढणार नाही याची खात्री देत नाही, प्रयत्न करीन.
सही: हर्षद केळुसकर, राहणार बोरिवली पूर्व