लॉगिन केल्यावरचा लाल

३ फेब्रुवारी, मंगळवार
आमच्या छापखान्यातून गेलेल्या पाचशे लग्नपत्रिका परत आल्या. कुंकवाचा लाल हवा होता. स्क्रीनवर भडक दिसला म्हणून मी उतरवला — छापून आला विटकरी. प्रूफ तपासणारे श्रीहरी अण्णा रजेवर, त्यामुळे फाइल मी एकटीने केलेली. मालक विठोजीराव एवढंच म्हणाले, "अण्णा असताना असं होत नाही." खरं आहे.

४ फेब्रुवारी, बुधवार
अण्णा रजेवरून परतले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "चूक तुझी नाही, चंदना. माझी."
रोज नऊला, मी यायच्या आत, ते डिझाइनचं मशीन चालू करतात आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये रंगांचे आकडे हाताने भरतात. वहीत लिहून ठेवलेत. लिनक्सवर नव्याने लॉगिन केलं की सगळं परत पहिल्यासारखं! ते रजेवर होते तेव्हा आकडे कोणी भरलेच नाहीत, म्हणून मला लाल भडक दिसला. दोन वर्षं हे चाललंय आणि मला पत्ता नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सापडलं. आकडे एका फाइलमध्ये नीट जपलेले असतात, पण लॉगिन झाल्यावर ती फाइल कोणी वाचतच नाही. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत एक ओळ घातली — फाइल वाच, सेटिंग लाव. क्षणभर रंग बरोबर, मग पुन्हा भडक. वैताग.
"स्वल्प थांब, जरा," अण्णा त्यांच्या कानडी वळणाने म्हणाले. "घाई कसली?"

६ फेब्रुवारी, शुक्रवार
डेस्कटॉपचं स्वतःचं रंगाचं सेटिंग मागून येऊन माझं पुसत होतं. त्या ओळीला दहा सेकंद थांबायला लावलं. जमलं! पाचदा लॉगिन करून पाहिलं, पाचही वेळा बरोबर.
अण्णांना म्हटलं, "सोमवारपासून दहाला या, आरामात." "सरी," म्हणाले, म्हणजे कानडीत 'बरं', आणि बसून राहिले. वाटलं होतं, खूश होतील.

९ फेब्रुवारी, सोमवार
अण्णा नऊलाच हजर. म्हणाले, "आता माझं इथे काय काम?" मी म्हटलं, प्रूफ तुमच्याशिवाय कोण तपासणार?

१० फेब्रुवारी, मंगळवार
दुपारी विठोजीराव बाहेर गेल्यावर अण्णांनी नवं प्रूफ माझ्यापुढे धरलं आणि सगळं सांगितलं. दोन वर्षांपासून डोळ्यांचं दुखणं आहे, लाल आणि विटकरी त्यांना सारखेच दिसतात. वहीतले आकडे त्यांच्या बायकोने, सोयराक्कांनी, एका रविवारी इथे येऊन ठरवून दिलेले. "बघून सांग," म्हणाले, "हा लाल आहे ना?"
नीट पाहिला. "आहे, अण्णा."