चुंबकाला लटकलेला ऑक्सिजन

४ फेब्रुवारी, मंगळवार

चुंबक आला. भंगारवाला म्हणाला, "शेठ, तुम्हाला फुकट." फुकट! संध्याकाळपर्यंतचा खर्च — सासऱ्यांनी दिलेलं घड्याळ जवळ नेलं तर कायमचं थांबलं, चुंबकाखाली चेमटून डाव्या अंगठ्याचं नख काळंनिळं, आणि लेकीचा अबोला. "आईला श्वास पुरत नाही आणि तुम्ही खेळणी गोळा करताय, बाबा!"

खेळणं नाही. तिच्या आईनंच मागितलंय.

लग्न झालं तेव्हा मी ऑक्सिजनच्या प्लांटवर सिलिंडर उतरवणारा हमाल, ही शाळेत विज्ञानाची बाई. पहिल्याच महिन्यात म्हणाली, "ऑक्सिजनचा द्रव केला की तो चुंबकाला चिकटतो, माहितीय?" मी पोट धरधरून हसलो. "चिकटतो तो सिलिंडर, बाई! लोखंडाचा असतो." पुढे प्लांट माझा झाला. द्रव ऑक्सिजनची दुमजली टाकी दारात उभी राहिली. दोन-चार वर्षांनी हिला आठवण व्हायची — "दाखवता का हो?" मी म्हणायचो, टाकी काय पळून जातेय?

टाकी नाही पळाली.

६ फेब्रुवारी, गुरुवार

डॉक्टरांनी मला जिन्यात गाठलं. "आता महिन्यांची भाषा नको." इतकं हळू बोलले. वर आलो तर ही म्हणते, "काय म्हणाले? आठवडे?" मास्तरीण ती मास्तरीणच.

लेकीनं बोटाला लावायचं यंत्र आणलंय. श्वास कमी पडला की ओरडतं, एरवीही टुकटुक चालूच. ही वैतागली — "मागच्या बाकावर पेन वाजवणारं कार्टं बसवल्यासारखं वाटतं. काढा ते!" काढलं, कपाटात टाकलं. लेक चिडली. म्हटलं, "अगं, हे कान कशाला दिलेत? शेडच्या त्या टोकाला व्हॉल्व्ह गळत असला तर इकडे चहा पिता पिता सांगतो. सिलिंडरवर एक टिचकी मारली की कळतं, भरलेला की रिकामा. तुझ्या आईचा एक श्वास जरी चुकला तरी मला ऐकू येईल!"

ही हसली. "शेठ बोलले." मग बराच वेळ खोकत राहिली.

८ फेब्रुवारी

ऑक्सिजन आधी पाण्याच्या बाटलीतून जातो, मग नळीतून हिच्या नाकात. बाटलीत सारखे बुडबुडे. बरा वाटतो तो आवाज. तो चालू म्हणजे सगळं चालू.

९ फेब्रुवारी, रविवार

लेथवाल्यानं चुंबक लोखंडी चौकटीत बसवून आणला. समोरासमोर दोन तोंडं, मध्ये बोटभर फट. काम नामी. पण दारातच नाकाला वास आला. तेल! "बाईंसाठी आहे म्हणून चोळून चोळून लावलं, शेठ. गंजायला नको!"

द्रव ऑक्सिजन आणि तेल! आमची माणसं डोक्याला तेल न लावता कामावर येतात. हे तसंच घरी नेलं असतं तर भडका. आमचा फोरमन — मिशा म्हणतात त्याला — लेथवाल्याच्या अंगावर धावलाच. मीच आवरला. त्या बिचाऱ्यानं मायेनंच केलं होतं.

सगळं खोलायचं, धुवायचं, सुकवायचं, पुन्हा बसवायचं. मिशा म्हणतो चार दिवस. एरवी चार दिवस म्हणजे काय? चुटकीसरशी जातात.

११ फेब्रुवारी

आज जेवली नाही. "झालं का हो तुमचं यंत्र?" एवढंच विचारलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

चिकटला!!

बाईंचा हुकूम होता — आधी नायट्रोजन ओता, तुलना नसेल तर प्रयोग कसला? ओतला. फटीतून सरळ खाली, फरशीवर थेंब पळाले. मग ऑक्सिजन. तो थांबला! दोन तोंडांच्या मध्ये, हवेत, निळा गोळा. खाली काही आधार नाही. मिशा म्हणाला, "आयला, शेठ! इतकी वर्षं विकतोय आपण हे!"

माझाच माल, आणि मला आज भेटला.

१६ फेब्रुवारी, रविवार

दाखवलं.

सकाळपासून शेगडी बंद. हिला खुर्चीतून दारापर्यंत आणलं, चौकट अंगणात, लांब. लेक खुर्चीमागे, तोंड फुगवून. मिशानं हातमोजे चढवले आणि थर्मास वाकवला. पांढरं धुकं, चरचराट — आणि ते विरल्यावर फटीत निळा लोंबता थेंब.

"अगं बाई!" ही म्हणाली. नळी लावलेली असताना इतक्या मोठ्यानं! "मुलांना सगळा जन्म सांगितलं, रंगहीन. आणि हा बघा कसा नटलाय!"

उकळत उकळत तो बारीक झाला. दोन्ही तोंडांना धरून होता, मग तुटला, मग नुसतं दव उरलं.

"सुटला," मी म्हटलं.

"सुटला कुठे? वायू झाला तरी चुंबकाची ओढ असतेच त्याला. फक्त इतकी थोडी, की धरून ठेवता येत नाही." वर्गात फळ्यापाशी बोलावं तसं बोलली. मग दम घ्यायला थांबली. "पुन्हा ओता."

थर्मास संपेपर्यंत ओतलं. शेवटचं लेकीनं ओतलं, हातमोजे घालून, रडत. ही तिला म्हणाली, "हळू. घाई केलीस की सांडतो."

आत नेताना माझा काळा अंगठा धरून बघितला. "दुखतो का हो अजून?"

१८ फेब्रुवारी

बोलणं कमी. पाणी चमच्यानं. मी प्लांटवर जात नाही. उशाशी खुर्ची टाकलीय, कान लावून बसतो.

१९ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी गेली. मी खुर्चीतच होतो, जागा. लेक आत आली, आईच्या नाकाशी हात धरला आणि तिनं मला सांगितलं.

बाटलीतले बुडबुडे चालू होते. मी तेच ऐकत होतो.